मदत हवी आहे: बियरचं चीज फॉन्ड्यू फाटतंय, शनिवारी पार्टी आहे

खाडीकाठी: मंडळी, लवकर सांगा. शनिवारी गुहागरला घरी मित्र येतायत आणि मी फॉन्ड्यू (पाव बुडवून खायचं ते वितळलेलं चीज) खिलवतो असं बोलून बसलोय. काल ट्रायल घेतली तर खाली रबराचा गोळा, वर पिवळं पाणी आणि तेलाचा तवंग. डाव उचलला तर अख्खा गोळाच लटकत वर आला. कुठे चुकतंय?

चहाटळ: कुठलं चीज? बियर किती? गॅस बारीक होता का मोठा? काहीच न सांगता कुठे चुकतंय काय विचारता.

स्विसरिटर्न: मुळात बियर हेच चुकलं. ग्रुयेर, एमेंटाल ही स्विस चीजं, व्हाइट वाईन, थोडं किर्श म्हणजे चेरीची दारू. आम्ही झुरिकला खाल्लं तेव्हा

चहाटळ: आता ग्रुयेर काय गुहागरच्या बाजारात वाटे लावून विकतात का?

खाडीकाठी: मोझरेला हो, पिझ्झावालं, 400 ग्रॅम. बियर अख्खी 650 ची बाटली, स्ट्राँग. चांगलं खदखदून उकळलं.

सड्यावरची: हां मग फाटणारच. मोझरेलाला तार सुटते, ते एकजीव होत नाही. 250 ग्रॅम चेडार आणि 150 ग्रॅम साधं प्रोसेस्ड घ्या, प्रोसेस्डमध्ये इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) असतो त्यामुळे तेल सुटत नाही. चीज किसून त्याला दीड चमचा कॉर्नफ्लोर चोळा. बियर माइल्ड, जेमतेम 200 मिली, स्ट्राँग आटली की कडू लागते. वाईनमध्ये आंबटपणा असतो तो बियरमध्ये कमी, म्हणून एक चमचा लिंबू पिळा. बियर गरम झाली की गॅस अगदी बारीक आणि मूठमूठ चीज टाकत ढवळा, उकळी फुटू द्यायची नाही.

रापणवाला: मेल्यानू, बियर पिवची सोडून शिजवतास कित्याक?

मातीचंभांडं: कढई नको, मातीचं जाड भांडं घ्या. मी सगळं मातीतच करते, तिसऱ्यासुद्धा. उष्णता धरून ठेवतं, आमच्याकडे तर लाईट गेली तरी

चहाटळ: त्यांनी लाईटचं विचारलंय का?

स्विसरिटर्न: तिकडेही मातीचंच भांडं असतं बरं का. पण प्रोसेस्ड घातलं की ते फॉन्ड्यू नव्हे, चीज सॉस.

सड्यावरची: पाहुण्यांना नाव वाढायचंय का खायला? आणि पोरं असतील तर त्यांचं वेगळं दुधात करा, एवढ्याशा शिजवण्याने दारू सगळी उडत नाही.

खाडीकाठी: सड्यावरची ताई, आत्ता पाव मापात करून बघितलं. जमलं!! मध्येच जरा फाटायला लागलं तर गॅस बंद करून लिंबाचे चार थेंब टाकून फेटलं, परत एकजीव. कालच्या शिळ्या पावाला मस्त धरतं, ताजा पाव आतच विरघळतो. तळाला खरवड धरली ती मीच उभ्याउभ्या संपवली.

स्विसरिटर्न: त्या खरवडीसाठी तिकडे भांडणं होतात.

रापणवाला: शनिवारी किती वाजता येव?