एवढीशी होते मी

लहानपणी एका मोठ्या माणसाने केलेल्या अत्याचाराबद्दल तुम्ही लिहिलंय, 'त्याला माफ करणं एक वेळ जमेल, पण तेव्हा मी गप्प का बसले याबद्दल स्वतःला माफ करता येत नाही.' माझ्याबाबतीतही तसंच घडलं होतं, आणि हेच मी वीसेक वर्षं उगाळत होते. आरडाओरडा केला असता तर? आईला सांगितलं असतं तर?

समुपदेशक बाईंनी समजावलं होतं की भीतीने गाठलं की शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं, आणि यातलं काय होणार हे आपण ठरवत नाही. लहान मूल मोठ्या माणसाशी लढणार कसं आणि पळून जाणार कुठे? डोक्याला पटलं, पण आत उतरलं नाही.

उतरलं ते भाचीच्या सँडलमुळे. ती आठ वर्षांची, म्हणजे माझं तेव्हाचं वय. बक्कल लागेना म्हणून खाली बसून तिचं पाऊल हातात घेतलं, तर ते अख्खं माझ्या हातावर मावलं. एवढीशी होते मी? आणि एवढ्याशा पोरीला मी इतकी वर्षं जाब विचारत होते! रडू आवरेना. भाची घाबरून म्हणाली, "मावशी, बक्कल टोचलं का गं?"

सगळं मिटलंय असं नाही. मागून पावलांचा आवाज आला की अजूनही धडधडतं. मग पाय जमिनीवर घट्ट टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घेते. बाळबोध आहे, पण उपयोग होतो.

आणि 'गुन्हेगाराला माफ केल्याशिवाय सुटका नाही' असं तुमच्या लिखाणावरच्या प्रतिसादात एकांनी म्हटलंय, ते मला साफ नामंजूर. मी त्याला माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.