जवानाच्या स्मरणसभेत चालू राजकारणावर भाषण असावे का?

प्रश्न: जुळे सोलापूरकर

नमस्कार. आमच्या नगरातील एक जवान काही वर्षांपूर्वी जम्मू-काश्मीरमध्ये कर्तव्यावर असताना धारातीर्थी पडले. तेव्हापासून दरवर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, आम्ही रहिवासी त्यांच्या प्रतिमेसमोर जमतो, पुष्पचक्र वाहतो आणि राष्ट्रगीत म्हणून आपापल्या घरी जातो. खर्च वर्गणीतून होतो आणि तो फारसा नसतोच. यंदा एका राजकीय पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी मंडप, ध्वनिक्षेपक आणि अल्पोपाहार यांचा सगळा भार उचलण्याची तयारी दाखवली आहे. त्यांनी अट अशी घातलेली नाही, मात्र अपेक्षा म्हणून दोन गोष्टी सांगितल्या: डिजिटल फलकावर नेत्यांची छायाचित्रे असावीत, आणि त्यांच्या एका वक्त्याने ऑपरेशन सिंदूरपासून अग्निपथ योजनेपर्यंतच्या घडामोडींवर अर्धा तास बोलावे.

माझी अडचण अशी की मी स्वतः त्याच विचारांचा आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारली गेली आणि त्यानंतर ७ मे रोजी आपल्या सैन्याने जे उत्तर दिले, त्याचा मला अभिमान आहे. वक्ता जे बोलेल ते मला बहुधा पटेलच. तरीही मागच्या बैठकीपासून मन स्वस्थ नाही. जवानाचे वडील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. चर्चा चालू असताना त्यांनी टेबलावरचा फलकाचा नमुना उचलला, चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरला आणि आपला मुलगा त्यात कुठे आहे ते शोधू लागले. मुलाचा फोटो तळाशी होता, मंडप देणाऱ्यांच्या नावाला लागून. त्यांनी कागद होता तसा परत ठेवला, बोलले काहीच नाहीत.

मंडळात दोन गट पडले आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त सुभेदार

आपला प्रश्न रास्त आहे. पलटणीत हे कसे होते ते सांगतो, म्हणजे निर्णय सोपा जाईल.

युद्धस्मारकावर श्रद्धांजली वाहताना भाषण नसते. पुष्पचक्र ठेवले जाते, सलामी होते, तुकडी 'शोक शस्त्र' करते (शस्त्रे उलटी धरून माना झुकवते), बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते, मौन पाळले जाते आणि राउजच्या सुरावटीने ते संपते. तिथे मोठा अधिकारी असो वा शिपाई, माना सगळ्यांच्या खाली असतात. दिल्लीचे राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्या त्याग चक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत आणि भिंतीवरची वीट शिपायाला जेवढी मिळते तेवढीच अधिकाऱ्याला मिळते. आपल्या जवानाचे नाव तिथे आहे. त्याच्या आई-वडिलांनी ते पाहिलेले नसेल, तर वर्गणीतला पैसा आधी त्यांच्या प्रवासावर खर्च करा, असे मी म्हणेन.

आपल्या कार्यक्रमासाठी काही सूचना. नाव वाचताना नुसते 'आपले लाडके जवान' असे म्हणू नये. हुद्दा, पूर्ण नाव आणि पलटण यांचा उच्चार स्पष्ट करावा. हुद्दा कुटुंबाकडून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळून घ्यावा, कारण स्थानिक फलकांवर तो चुकलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्या कार्यालयाला आधी कळवल्यास जवळपासचे माजी सैनिक पदके लावून येतात आणि कार्यक्रमाला आपोआप शिस्त येते. राष्ट्रध्वज टेबलावर पसरू नये आणि व्यासपीठाला गुंडाळू नये. ध्वजसंहितेप्रमाणे तो शवपेटीवर घालतात तेव्हा केशरी पट्टा मस्तकाकडे असतो आणि चितेला अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतला जातो. घडी घातलेला तो ध्वज बहुतेक घरांत कपाटातल्या सर्वांत वरच्या कप्प्यात असतो. तो कार्यक्रमासाठी मागू नका. कुटुंबाने स्वतःहून आणला तर गोष्ट वेगळी.

छायाचित्रांबद्दल एवढेच की निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये सर्व पक्षांना कळवले होते की प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत. ही सूचना प्रचारापुरती आहे हे मला माहीत आहे. पण तिच्यामागचा विचार बाराही महिने लागू पडतो.

उत्तर: दक्षिण कसब्यातून

मी स्वतःला परंपरावादी मानतो आणि ते लपवत नाही, म्हणून माझे मत थोडे सविस्तर मांडतो.

परंपरावादी असणे म्हणजे माझ्या लेखी सर्वप्रथम ऋण मानणे. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहेत. जो माणूस आपल्यासाठी मेला त्याचे ऋण याच जातीचे आहे. अशा ऋणाची परतफेड मताने किंवा घोषणेने होत नाही, ते आयुष्यभर वागवायचे असते. आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावांत मारुतीच्या देवळाशेजारी किंवा वेशीजवळ वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, उभे असतात, काही जमिनीत अर्धे रुतलेले, काही शेंदराने माखलेले. एकदा जवळ बसून पाहा. खालच्या चौकटीत लढाई असते, पुष्कळदा पळवून नेलेल्या गाईगुरांसाठी झालेली. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेत असतात. त्यावर तो शिवलिंगाची पूजा करत असतो आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. बहुतेक वीरगळांवर अक्षरे नाहीत. त्या वेळी राज्य कोणाचे होते हे दगड सांगत नाही, आणि गावाला ते सांगण्याची गरज वाटली नाही.

चालू राजकारणावर माझी मते ठाम आहेत. सप्टेंबर २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर विरोधकांतील काहींनी ज्या स्वरात पुरावे मागितले, तो स्वर मला तेव्हाही खटकला होता आणि आजही खटकतो. सरकारला जाब विचारण्याचा अधिकार संसदेला आहेच, आणि जुलै २०२५ च्या अखेरीस ऑपरेशन सिंदूरवर संसदेत चर्चा झाली, तीच त्याची योग्य जागा होती. परंतु स्वतःच्या सैन्याच्या निवेदनावर शत्रूच्या दाव्याइतकाच अविश्वास दाखवणे हा चिकित्सकपणा नव्हे. हे मी कोणत्याही व्यासपीठावर बोलायला तयार आहे, फक्त त्या जवानाच्या प्रतिमेसमोर नाही. तिथे उभा राहून मी हे बोललो, तर वेगळ्या पक्षाला मत देणारा माझा शेजारी पुढच्या वर्षी येणार नाही. मग त्या जवानाला माना झुकवणारी माणसे माझ्यामुळे कमी झालेली असतील, आणि हे पाप मी माझ्या विचारांच्या नावावर करू इच्छित नाही.

कारगिलचेच पाहा, कारण आपण २६ जुलैला जमता. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडले होते आणि युद्ध लढले गेले तेव्हा ते काळजीवाहू सरकार होते. त्या युद्धात ५२७ जवान कामी आले. रणभूमीजवळच अंत्यसंस्कार करण्याची जुनी रीत बाजूला ठेवून पार्थिव देह गावोगावी पोहोचवण्याची पद्धत तेव्हापासूनच रूढ झाली, आणि अनेक गावांनी तिरंग्यात लपेटलेली शवपेटी प्रथमच पाहिली. मला आठवते, पार्थिव नेणारी गाडी पुढे निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायांनी पायांतल्या चपला काढल्या होत्या. त्यांना तसे करायला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या पक्षाकडून चुका होतात हेही मान्य करायला हवे. नेत्याचा चेहरा मोठा आणि जवानाचा लहान असलेला फलक आपल्या लोकांनी लावला, तर तो दोष विरोधकांच्या दोषापेक्षा मला अधिक जड वाटतो, कारण राष्ट्रभक्तीचा उच्चार आपण अधिक करतो.

शब्दाबद्दल एक सूचना, आपण विचारलेली नसली तरी. फलकावर 'शहीद' लिहू नका. संरक्षण मंत्रालयाने संसदेत सांगितले आहे की सैन्यात हा अधिकृत शब्द नाही. मराठीला सावरकरांनी 'हुतात्मा' हा शब्द दिला आहे आणि सोलापूरकराला तो शिकवावा लागत नाही. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. १९३० मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉची ती किंमत होती. दरवर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची लगबग चालू असताना आपण त्या चौघांना हार घालतो आणि चारही नावे एका श्वासात घेतो. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातानासुद्धा आपण 'हुतात्म्याने जातो' असे म्हणतो, इतका हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे.

उत्तर: एक शिक्षक

वरील प्रतिसादाचा आदर राखून मतभेद नोंदवतो. राजकारण नको असे म्हणताना कुटुंबाचे हक्काचे प्रश्नही दाबले जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील अग्निवीर (अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेले जवान) अक्षय गवते यांना सियाचीनमध्ये मरण आले, तेव्हा मदतीच्या रकमेवरून देशभर वाद झाला. अग्निवीराला ४८ लाखांचे विमा संरक्षण आहे, परंतु नियमित जवानाच्या घरच्यांना मिळते तसे कुटुंब निवृत्तिवेतन नाही. हा प्रश्न श्रद्धांजलीच्या दिवशी विचारायचा नाही, तर कोणत्या दिवशी विचारायचा? दुसऱ्या दिवशी गर्दी नसते, ऐकणारेही नसतात.

प्रत्युत्तर: दक्षिण कसब्यातून

गुरुजी, निवृत्तिवेतनाबद्दल मी आपल्या बाजूचा आहे. एकाच खंदकात उभ्या असलेल्या दोघांच्या घरांना वेगवेगळा न्याय मिळू नये, हे मी माझ्याच पक्षाच्या लोकांना सांगितले आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊ, सभागृह घेऊन सभा भरवू. पहिली सही माझी असेल. परंतु आपण २६ जुलैला हा विषय काढलात की समोरचा वक्ता त्याला उत्तर देणार, मग आपण प्रत्युत्तर देणार, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आईसमोर तिच्या मुलाच्या मरणाचा हिशेब मांडला जाणार.

उत्तर: पंढरपूर तालुक्यातून एक भगिनी

हे सगळे वाचून लिहावेसे वाटले. माझा मामेभाऊ केंद्रीय राखीव पोलीस दलात होता. सुभेदारकाकांनी युद्धस्मारकाचे लिहिले, ते वाचून बरे वाटले. पण आमच्या भावासारख्यांची नावे तिथे नसतात, ती चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात असतात, आणि त्यांचा स्मृतिदिन २१ ऑक्टोबरला असतो. बार्शी तालुक्यातील पानगावचे सुनील काळे जून २०२० मध्ये पुलवाम्यात गेले, तेही याच दलाचे. नगरोट्याला २०१६ मध्ये कामी आलेले आमच्या पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी सैन्याचे. गावाने दोघांसाठी सारखेच रडावे, एवढीच माझी विनंती आहे.

२०२३ मध्ये 'माझी माती माझा देश' अभियानात ठिकठिकाणी शिलाफलक बसले, तसा आमच्याकडेही बसला. त्यावर भावाच्या वडिलांचे नाव चुकले. मामांनी तीन वेळा अर्ज केला. शेवटी त्यांनी स्वतः पाथरवटाला बोलावले, आणि तो काना कोरला जात असताना ते उन्हात शेजारी उभे राहिले.

सत्कारांबद्दलही सांगते. मामीला वर्षातून चार-पाच ठिकाणी बोलावतात. दोन-तीन तास बसवतात, भाषणे होतात, मग शाल, साडी आणि नारळ देऊन फोटो काढतात. तिच्या ट्रंकेत अशा शाली प्लॅस्टिकच्या पिशवीसकट एकावर एक ठेवलेल्या आहेत. ती त्या वापरत नाही आणि कोणाला देतही नाही. एकदा कोणीतरी तिला भाऊ लहानपणी कसा होता ते विचारले. त्या दिवशी तो विहिरीत पोहायला शिकल्याची गोष्ट सांगत ती पाऊण तास बोलली. तेवढी ती एरवी महिन्यात बोलत नाही. दादा, तुमच्याकडे अर्धा तास असेल तर तो वक्त्याला देऊ नका.

प्रश्नकर्त्याचे निवेदन: जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. पदाधिकाऱ्यांना मी स्वतः भेटलो आणि त्यांचा प्रस्ताव नम्रपणे नाकारला. त्यांनीही तो ओढून धरला नाही, उलट वर्गणी म्हणून आमच्याइतकीच रक्कम दिली आणि रांगेत उभे राहायला येतो म्हणाले. गुरुजींनी मांडलेल्या प्रश्नासाठी ऑगस्टमध्ये वेगळी सभा घेण्याचे ठरले आहे.

त्यानंतर मी जवानाच्या वडिलांकडे गेलो आणि फलकावर काय लिहावे ते विचारले. ते उठले, कपाटातून एक पाकीट काढून आणले आणि म्हणाले, "तुम्ही दरवर्षी शिपाई लिहिता. तो लान्स नायक झाला होता. पत्र मागनं आलं, म्हणून मी कधी बोललो नाही."

प्रतिमेखालची पाटी आज बदलायला दिली आहे.