नागरिकांच्या हक्कांवर मतदान घ्यावं का?

पाऊलखूण (धागाकर्ता):
नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन ३' (मतपत्रिकेवर थेट लोकांपुढे आलेला प्रस्ताव) मंजूर केलं. विवाहाचा हक्क त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेत आला आणि 'विवाह फक्त स्त्री-पुरुषाचाच' हे कलम गेलं. आनंदच झाला. पण ते कलम घातलं होतं कुणी? मतदारांनीच! मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाह वैध ठरवले. जूनपासून हजारो जोडप्यांनी लग्नं केली. नोव्हेंबरात 'प्रपोझिशन ८' आलं आणि ५२ टक्के मतांवर तो हक्क काढून घेतला गेला. तिथे पुरेशा सह्या जमवल्या की घटनादुरुस्ती थेट मतपत्रिकेवर जाते आणि साध्या बहुमताने मंजूर होते. शेजाऱ्याने कुणाशी लग्न करावं यावर मी मत द्यायचं, हेच मला अन्याय्य वाटतं.

खडीवाट:
पूर्ण असहमत. लोकांनी नाही तर कुणी ठरवायचं? देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायाधीशांनी? त्यांनीच जून २०२२ मध्ये गर्भपाताचा पन्नास वर्षांचा हक्क रद्द केला. पुढे ऑगस्टमध्ये कॅन्ससमध्ये मतदान झालं. त्या राज्याच्या घटनेतून गर्भपाताचं संरक्षण काढायचा प्रस्ताव होता. रिपब्लिकनांचा बालेकिल्ला, तरी सुमारे ५९ टक्के लोकांनी तो फेटाळला. मिशिगन आणि ओहायोच्या मतदारांनी तर हा हक्क घटनेत लिहूनच टाकला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे गेलो असतो तर या राज्यांतल्या बायकांना कुणी वाचवलं असतं?

पाऊलखूण:
कॅन्ससचा मुद्दा मान्य. पण तिथे आधीपासून असलेला हक्क लोकांनी राखला. कॅलिफोर्नियातच १९६४ साली काय झालं तेही बघा. वर्ण पाहून घर नाकारायला बंदी करणारा कायदा निष्प्रभ करणारी घटनादुरुस्ती सुमारे ६५ टक्क्यांनी मंजूर झाली! शेवटी ती न्यायालयांनीच रद्द केली, १९६७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही. बहुमताला आपला पूर्वग्रह क्वचितच दिसतो. ज्यांना घर मिळत नव्हतं, त्यांच्या हातात तेवढी मतं कुठून येणार?

दीपमाळ:
मतदान असावं, पण घाईने नको. न्यूयॉर्कची पद्धत मला पटते. तिथे दुरुस्ती आधी विधिमंडळाने संमत करायची, मधे निवडणूक होऊ द्यायची, नव्या विधिमंडळाने पुन्हा संमत करायची आणि मग लोकांपुढे न्यायची. समान हक्कांची दुरुस्ती तशीच २०२२ आणि २०२३ मध्ये संमत होऊन २०२४ ला लोकांनी स्वीकारली. लिंग, वय, अपंगत्व, गर्भारपण, लैंगिक ओळख हे सगळं भेदभावबंदीत आलं. मूळच्या १९३८ च्या कलमात वंश, वर्ण, पंथ आणि धर्म एवढंच होतं. आपल्याकडे तर घटनादुरुस्तीला सार्वमत नाहीच, कलम ३६८ खाली सगळं संसदेत, काही वेळा राज्यांच्या विधिमंडळांतही. १९६७ चा गोव्याचा जनमत कौल विलीनीकरणापुरता होता, हक्कांवर नव्हता.

खडीवाट:
अडथळे वाढवा म्हणणं सोपं आहे, दीपमाळ. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. २०२४ मध्ये गर्भपाताच्या हक्काला ५७ टक्के मतं मिळाली आणि प्रस्ताव पडला. उरलेल्या ४३ टक्क्यांचंच म्हणणं चाललं. हे कुठल्या अल्पसंख्याकांचं रक्षण झालं?

पाऊलखूण:
म्हणून देणं आणि काढून घेणं यांना एकच निकष नको. हक्क वाढवायचा असेल तर साधं बहुमत पुरे. असलेला हक्क काढायचा असेल, तर दोन तृतीयांश मतांनीही तो काढता येऊ नये.

खडीवाट:
आणि गर्भाचाही हक्क आहे असं मानणारे म्हणतील की आम्हीच हक्क वाढवतोय. मग 'वाढवणं' कुठलं आणि 'काढणं' कुठलं, हे कोण ठरवणार? पुन्हा तेच नऊ जण?