ट्रान्सिल्व्हेनियातलं विस्क्री गाव : तिथली जर्मन माणसं का गेली आणि आता कोण राहतं?

गंगेवरची_मावशी
नमस्कार मंडळी, मुलगी नोकरीसाठी रोमानियात क्लुजला असते, मागच्या आठवड्यात ती विस्क्री नावाच्या खेड्यात जाऊन आली आणि तिने पाठवलेले फोटो मी रोज उघडून बघतेय. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येकाला मोठा दरवाजा आणि आत अंगण, संध्याकाळी गुरं रस्त्याने येतात आणि आपापल्या दारापाशी आपोआप वळतात. टेकडीवर तटबंदी असलेलं पांढरं चर्च. ती म्हणते हे जर्मन लोकांचं गाव होतं पण आता जर्मन अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आमचा जुन्या नाशकातला वाडा असाच रिकामा होत गेला, एक पुण्याला, एक मुंबईला, एक अमेरिकेला, शेवटी कुलूप. पण अख्खं गाव कसं काय उठून जातं? आणि रोमानियात जर्मन आले कुठून? कोणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

इतिहासवेडा_सिडको
मावशी, ते आले बाराव्या शतकात. तेव्हा ट्रान्सिल्व्हेनिया, म्हणजे आताच्या रोमानियाचा हा भाग, हंगेरीच्या राजाकडे होता, गेझा दुसरा म्हणून राजा होता (११४१ ते ११६२), त्याला सरहद्द राखायला आणि जमीन कसायला माणसं हवी होती म्हणून त्याने जर्मन मुलखातून लोक बोलावले. त्यांना सॅक्सन म्हणतात पण बरेचसे ऱ्हाइन, मोझेल, लक्झेंबर्गच्या बाजूचे, त्यांची बोली आजही लक्झेंबर्गच्या भाषेला जवळची आहे. पुढे तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, गावाला कोट बांधणं परवडेना म्हणून चर्चलाच कोट केला, हल्ला आला की माणसं, धान्य सगळं आत. विस्क्रीच्या कोटातल्या एका बुरुजात तर घराघरातलं खारवलेलं डुकराचं मांस टांगून ठेवायचे. जर्मनमध्ये गावाच्या नावाचा अर्थ पांढरं चर्च असाच आहे. युनेस्कोने जागतिक वारसा यादीत १९९३ ला आधी तिथलंच बिएरतान गाव घेतलं आणि १९९९ ला विस्क्री धरून आणखी गावं जोडली.

आता गेले का. जानेवारी १९४५, सोव्हिएत फौजा आलेल्या, युद्धाची भरपाई म्हणून जर्मन वंशाचे १७ ते ४५ वयाचे पुरुष आणि १८ ते ३० वयाच्या बायका उचलून युक्रेनमधल्या डोनबासच्या कोळसा खाणींकडे पाठवल्या, रोमानियातून साधारण ७० हजार. युद्धात यांच्यातले पुष्कळ तरुण जर्मन सैन्यात होते हे खरं, पण ज्या बायकापोरी नेल्या त्यांनी काय केलं होतं? परत आले तोवर जमिनी सरकारजमा. नंतर रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याच्या काळात पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजून यांना सोडवून न्यायची, दोन लाखांवर माणसं अशी गेली. १९८९ च्या डिसेंबरात त्याची सत्ता पडली आणि सरहद्द उघडली, मग एकट्या १९९० सालात लाखावर जर्मन देश सोडून गेले. आठशे वर्षं टिकलेली गावं एकदोन वर्षांत रिकामी. मला यातली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे हे शेवटचं जाणं कोणी जबरदस्तीने करायला लावलं नव्हतं, शेजारी गेला म्हणून मी जातो असं झालं.

निफाडचा_द्राक्षवाला
शेजारी गेला म्हणून, हे अगदी बरोबर बोललात दादा, कारण त्या लोकांचं सगळं शेजारावरच चालायचं. एका रस्त्याची घरं मिळून एक मंडळ, त्याचा निवडलेला म्होरक्या, त्याला शेजार-बाप असंच म्हणायचे, मंडळाची एक सामाईक पेटी. घर बांधायचं तर सगळे येणार, मयत झाली तर खड्डा खणायलाही शेजारीच. आपल्याकडे इर्जिक असायची ना तसं, फक्त यांचं लिहून ठेवलेलं आणि आला नाही तर दंड. अशा गावात दहा घरं गेली की उरलेल्यांना एकट्याने छप्परसुद्धा शाकारता येत नाही. म्हणून मला वाटतं मावशी तुमचा वाडा आणि हे गाव सारखं नाही, वाड्यातलं एक बिऱ्हाड गेलं तर बाकीची चूल पेटतेच.

भाषा_आणि_बरंच_काही
आता कोण राहतं याचं उत्तर राहिलं. काही रोमानियन आणि पुष्कळ रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात) कुटुंबं. रोमांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातूनच निघालेले, भाषा बघा की. पाणी म्हणजे पानी, नाक म्हणजे नाक, माणूस म्हणजे मानुश, सुरीला छुरी, घराला खेर आणि गावाला गाव! वलाकिया आणि मोल्दाविया या रोमानियाच्या जुन्या संस्थानांत हे लोक १८५५-५६ पर्यंत अक्षरशः गुलाम होते, सरदार आणि मठ त्यांची खरेदी-विक्री करायचे. १९४२ ला, महायुद्धात, रोमानियाचा तेव्हाचा हुकूमशहा अंतोनेस्कू याच्या सरकारने २५ हजार रोमा नीस्टर नदीपलीकडे नेऊन टाकले, त्यातले जवळजवळ निम्मे भुकेने आणि रोगाने मेले. म्हणून या गावांबद्दल बोलताना जर्मन गेले आणि गाव ओसाड झालं असं कोणी लिहिलं की मला राग येतो. ओसाड कुठे, माणसं आहेत की. विस्क्रीत रोमा बायका लोकरीचे मोजे विणून विकतात, घरं जुन्या पद्धतीने चुन्यात दुरुस्त करायची कामं गावातलेच गवंडी करतात. इंग्लंडच्या चार्ल्स राजाने युवराज असताना तिथे घर घेतलं त्याच्या बातम्या खूप झाल्या, या गवंड्यांच्या कमी.

गंगेवरची_मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. निफाडकर, तुमचं पटलं, आमच्याकडे अजून खालच्या मजल्यावर एक भाडेकरू आजी आहेत, त्यांना मी हिशोबातच धरलं नव्हतं. मुलीला आत्ताच मेसेज केला की पुढच्या वेळी फोटोत घरं नको, मोजे विणणाऱ्या बायका दाखव, आणि त्यांना पाणी माग, बघू काय म्हणतात.