बडोद्याहून आईबाबांना विमानतळावर कसे न्यावे: अहमदाबाद की मुंबई?

दांडिया बाजार
नमस्कार. माझे बाबा 74 वर्षांचे आणि आई 69 वर्षांची असून दिवाळीनंतर दोघे माझ्या धाकट्या भावाकडे फ्रँकफर्टला तीन महिन्यांसाठी जाणार आहेत. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत, कारण बडोद्याहून विमानतळापर्यंतचा प्रवास कसा करायचा हे आधी ठरवावे, असे आम्हांला वाटते. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे, परंतु ते मध्यरात्रीनंतर सुटते. अहमदाबादहून गेल्यास दुबई किंवा दोह्याला विमान बदलावे लागते. घरून पूर्ण गाडी करून जाणे हा सोपा मार्ग सगळेच सुचवतात, पण बाबांच्या कंबरेमुळे त्यांना मोटारीत दोन तासांपेक्षा जास्त बसवत नाही. आगगाडीत मात्र ते मजेत असतात, कारण तिथे उठता येते, चार पावले चालता येते आणि स्वच्छतागृहासाठी कोणाला गाडी थांबवायला सांगावे लागत नाही. मी टर्मिनलच्या दारापर्यंत सोबत असेन.

सामान म्हणजे 23 किलोच्या आतल्या दोन मोठ्या बॅगा आणि दोन हातातल्या. भावासाठी भाकरवडी आणि लिलो चिवडा जाणार हे ठरलेलेच आहे, त्यामुळे वजन कमी होण्याची आशा नाही. आगगाडी, मेट्रो, बस यांच्या आधारे हा प्रवास ज्यांनी प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतापनगर
मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे आणि माझी मुलगी परदेशात असल्यामुळे दोन्ही विमानतळांच्या वाऱ्या मी अनेकदा केल्या आहेत. माझे म्हणणे असे की किलोमीटर आणि तास मोजण्याआधी बॅग किती वेळा उचलावी लागते ते मोजावे. वयस्कर माणसाला चार तास बसून राहण्याचा त्रास होत नाही. फलाटावरून पुलावर, पुलावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून रिक्षात बॅग चढवण्यात जो जीव जातो, त्याचा त्रास विमानात बसल्यावरही उतरत नाही.

अहमदाबाद आगगाडीने बडोद्यापासून 100 किलोमीटर आहे आणि दिवसभर गाड्यांची रांग असते, हे आपणांस ठाऊकच आहे. अडचण पुढे आहे. स्टेशनापासून विमानतळ आठ-दहा किलोमीटर दूर आहे आणि तिथे मेट्रो पोहोचलेली नाही. अहमदाबादची मेट्रो मोटेरामार्गे गांधीनगरकडे जाते, विमानतळ तिच्या वाटेवर येत नाही. म्हणजे स्टेशनाबाहेरच्या कालुपूरच्या गर्दीतून बाहेर पडून रिक्षा किंवा टॅक्सी करणे आलेच. त्यातही अहमदाबाद स्टेशनच्या पुनर्बांधणीच्या कामामुळे काही गाड्या मणिनगर, वटवा किंवा साबरमतीला नेल्या आहेत, तेव्हा आपली गाडी कुठे थांबणार हे तिकिटावर नीट वाचून घ्यावे. साबरमतीला थांबणारी गाडी मिळाली तर ती घ्यावी, कारण तिथून विमानतळ जवळ पडतो आणि जुन्या शहराची कोंडी टळते.

एसटीच्या बसने जायचे असेल तर एक्सप्रेस हायवेवरून येणारी बस गीता मंदिरच्या बस स्थानकाला पोहोचण्याआधी सीटीएम चौकात थांबते. विमानतळासाठी तिथेच उतरावे, कारण गीता मंदिरपर्यंत गेल्यास शहरात शिरून पुन्हा उत्तरेकडे यावे लागते. मात्र सीटीएमला उतरणे म्हणजे उड्डाणपुलाखालच्या रहदारीत उभे राहणे. तरुण माणसाला ते जमते, पण काका-काकूंना घेऊन मी ते करणार नाही.

कारेलीबाग
अमित नगर सर्कलवरून अहमदाबादला जाणाऱ्या शेअर गाड्यांबद्दल एक अनुभव लिहितो, कारण कोणीतरी तो पर्याय सुचवील. दोन वर्षांपूर्वी मी सासूबाईंना अशाच एका गाडीतून अहमदाबाद विमानतळावर नेले. घरून घेऊन जाणार, टर्मिनलवर सोडणार, असे ठरले होते आणि पैसे आगाऊ दिले होते. गाडी आमच्याकडे वेळेवर आली, परंतु त्यानंतर ती गोत्री, अलकापुरी आणि शेवटी निझामपुऱ्यात फिरत राहिली आणि दुमाड चोकडीला लागेपर्यंत सव्वा तास गेला. एका प्रवाशाच्या इमारतीखाली आम्ही वीस मिनिटे थांबलो, तेव्हा सासूबाई पिशवीतली पोथी काढून वाचत बसल्या आणि मी घड्याळाकडे पाहत राहिलो. चेक-इन बंद होण्याच्या पाच मिनिटे आधी आम्ही खिडकीपाशी पोहोचलो. विमान चुकले नाही, परंतु सासूबाईंचा रक्तदाब इतका वाढला होता की विमान कंपनीच्या मुलीने त्यांना पाणी देऊन खुर्चीवर बसवले. गाडी शेअर असेल तर आपण सर्वांत शेवटी चढणार की सर्वांत आधी, हे आधीच विचारावे आणि आधी चढावे लागणार असेल तर दोन तास जास्तीचे धरावेत.

मूळ रावपुरा, सध्या अंधेरी
मी बडोद्यात वाढलो आणि गेली अकरा वर्षे अंधेरीत राहतो, म्हणून मुंबईच्या बाजूचे सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारला असतात तर मी अहमदाबादच सुचवले असते. आता चित्र बदलले आहे, कारण मेट्रो 3 ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी सुरू झाली, ऑक्टोबर 2025 पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण धावू लागली आणि तिच्यावर टर्मिनल 1 व टर्मिनल 2 या दोहोंची स्वतंत्र स्थानके आहेत.

आपण बोरिवलीला उतरावे. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन परत उत्तरेला येण्यात काहीच अर्थ नाही. वंदे भारत आणि शताब्दी या दोन्ही गाड्या बडोद्याला व बोरिवलीला थांबतात आणि हे अंतर साधारण चार तासांत कापतात. विमान मध्यरात्रीनंतरचे असल्यामुळे दुपारी उशिरा बडोद्याहून निघणारी गाडी सोयीची पडते. ती रात्री आठ-नऊच्या सुमारास बोरिवलीला पोहोचते. बोरिवलीचा थांबा फार थोडा असतो आणि वंदे भारतचे दरवाजे आपोआप बंद होतात, म्हणून विरार मागे पडताच बॅगा खाली काढून दाराजवळ नेऊन ठेवाव्यात. वरच्या रॅकवर 23 किलोची बॅग चढवणे आणि उतरवणे हे या गाडीतले खरे कष्टाचे काम आहे. डब्याच्या टोकाला जागा असेल तर बॅग तिथेच ठेवावी.

बोरिवलीहून अंधेरीला लोकलने यावे. लोकलचे नाव ऐकताच बडोद्याची मंडळी घाबरतात, परंतु संध्याकाळची गर्दी विरारच्या दिशेने असते आणि आपण उलट दिशेने, म्हणजे चर्चगेटकडे, येत असता. बोरिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल पकडल्यास डबा जवळजवळ रिकामा मिळतो आणि काका-काकूंना खिडकी मिळते. अंधेरी स्थानकाच्या पुलावरूनच मेट्रो 1 मध्ये जाता येते, रस्त्यावर उतरावे लागत नाही. ही मेट्रो जून 2014 पासून वर्सोवा ते घाटकोपर धावते. घाटकोपरच्या दिशेची गाडी घ्यावी आणि मरोळ नाक्याला उतरावे.

या ठिकाणी अनेक जण फसतात. मरोळ नाक्याच्या आधीच्या स्थानकाचे नाव 'एअरपोर्ट रोड' असे आहे. ते ऐकून बॅगा घेऊन लोक धावत उतरतात आणि खाली आल्यावर कळते की टर्मिनल तिथून दूर आहे आणि रिक्षा करणे भाग आहे. गेल्या महिन्यात मी त्या फलाटावर एका आजोबांना अशाच स्थितीत पाहिले. एका हातात पासपोर्टची पिशवी आणि दुसऱ्या हातात बॅगेचा दांडा धरून ते पाटीवरचा 'एअरपोर्ट' हा शब्द मला दाखवत होते. मी त्यांना पुढच्या गाडीत बसवून एक स्थानक पुढे नेले. आपण एअरपोर्ट रोडला जागेवर बसून राहावे आणि पुढचे मरोळ नाका आल्यावर उतरावे. तिथून मेट्रो 3 ने पुढचेच स्थानक टर्मिनल 2 आहे.

मरोळ नाक्याला मेट्रो 1 उंच पुलावर आहे आणि मेट्रो 3 खोल जमिनीखाली, त्यामुळे बदल करताना बरेच खाली उतरावे लागते. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. बाबांची कंबर लक्षात घेता लिफ्टच शोधावी आणि या एका बदलासाठी वीस मिनिटे धरावीत. तिकिटांसाठी 'मुंबई वन' हे ॲप आधीच मोबाइलवर घेऊन ठेवावे. लोकल, मेट्रो 1 आणि मेट्रो 3 यांचे एकत्र तिकीट त्यावर निघते आणि तीन वेगळ्या रांगा टळतात.

दांडिया बाजार
मनापासून आभार. इतके बारकाईने लिहिले आहे की मार्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. दोन शंका आहेत. गाडी तासभर उशिरा आली तर मेट्रो मिळेल का? आणि लोकलच्या ऐवजी बोरिवलीहून सरळ मेट्रो नाही का?

मूळ रावपुरा, सध्या अंधेरी
मेट्रो 3 रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते. म्हणून माझा नियम असा आहे की बोरिवलीला साडेनऊपर्यंत पोहोचलो नाही तर मेट्रोचा विचार सोडून स्टेशनच्या पूर्वेकडून टॅक्सी करायची आणि पश्चिम द्रुतगती महामार्गाने विमानतळ गाठायचा. अंतर पंधरा-वीस किलोमीटर आहे आणि त्या वेळी रस्ता बराच मोकळा होतो. बाबांना तेवढे मोटारीत बसवेल, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते.

बोरिवलीहून मेट्रोचा मार्गही आहे. बोरिवली पूर्वेला मेट्रो 7 चे राष्ट्रीय उद्यान हे स्थानक आहे. त्या मेट्रोने गुंदवलीपर्यंत जावे, पादचारी पुलाने शेजारच्या वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानकात मेट्रो 1 पकडावी आणि मग मरोळ नाका. परंतु स्टेशनपासून राष्ट्रीय उद्यानापर्यंत रिक्षा करावी लागते, म्हणजे बॅग एकदा जास्त उचलली जाते. प्रतापनगरच्या काकांचा हिशेब लावला तर लोकलच जिंकते. सकाळच्या विमानासाठी निघाला असतात आणि लोकलला चर्चगेटकडे गर्दी असती, तर मी मेट्रो 7 सुचवली असती.

अलकापुरी
एक महत्त्वाची सूचना. विमानाचे तिकीट काढताना 'मुंबई' एवढेच पाहू नये. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. तो पनवेलजवळ उलव्याला आहे आणि त्याचे सांकेतिक नाव एनएमआय आहे, जुन्याचे बीओएम. विशेषतः बडोद्याहून मुंबईमार्गे पुढे जाणाऱ्यांनी किंवा परतीचे देशांतर्गत विमान घेणाऱ्यांनी ही तीन अक्षरे तपासावीत. चुकून तिथले तिकीट निघाले तर बोरिवलीला उतरण्याचा उपयोग नाही. अशा वेळी वसई रोडवरून पनवेलकडे जाणारी गाडी शोधावी लागते.

प्रतापनगर
हरणीचा, म्हणजे बडोद्याच्याच विमानतळाचा, विचार कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. आपला विमानतळ स्टेशनपासून सहा-सात किलोमीटरवर आहे आणि ऑक्टोबर 2016 मध्ये सुरू झालेली त्याची नवी इमारत वयस्करांसाठी फार सोयीची आहे, दारापासून विमानापर्यंत चालणे कमी. दिल्ली किंवा मुंबईमार्गे फ्रँकफर्टपर्यंत एकाच तिकिटावर प्रवास मिळत असेल तर भाडे जरूर विचारावे. त्यात दांडिया बाजारातून रिक्षाने निघाले की संपले. मात्र वेगवेगळी दोन तिकिटे काढून पैसे वाचवू नयेत. पहिले विमान उशिरा झाले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही आणि मध्ये बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधीच उघडते, पूर्वीसारखे 120 दिवस आधी नाही. दिवाळीनंतरच्या परतीच्या गर्दीत पहिल्या दिवशीच तिकीट काढावे. व्हीलचेअरची विनंती विमानाच्या तिकिटासोबतच नोंदवावी, काकूंनी 'मला नको' म्हटले तरी दोघांसाठी नोंदवावी. टर्मिनल 2 आतून फार लांब आहे.

परतीबद्दल आपण विचारले नाही, पण तेही ठरवून ठेवावे. फ्रँकफर्टहून येणारे विमान बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास उतरते आणि तेव्हा मेट्रो नसते. मी मुलीला आणायला गेलो तेव्हा टॅक्सीने बोरिवलीजवळच्या लॉजवर चार-पाच तास झोप घेतली आणि सकाळी उशिराच्या गाडीने बडोदा गाठले. थकलेल्या माणसांना पहाटेच्या गाडीसाठी फलाटावर बसवून ठेवू नये, थंडीत तर मुळीच नाही.

दांडिया बाजार
आज घरी सर्व उत्तरे आईबाबांना वाचून दाखवली. हरणीहून एकाच तिकिटाचे भाडे विचारले. ते थेट विमानापेक्षा बरेच जास्त निघाले आणि दिल्लीत सात तास थांबणे होते, म्हणून तो विचार सोडला. मुंबईचे थेट विमान आणि दुपारची शताब्दी असे ठरत आहे. बाबांनी एक अट घातली आहे की मार्गाची एकदा रंगीत तालीम करायची. त्यामुळे पुढच्या शनिवारी मी एकटी, एक रिकामी मोठी बॅग घेऊन, बोरिवली, अंधेरी, मरोळ नाका आणि टर्मिनल 2 असा प्रवास करून पाहणार आहे. लिफ्ट कोणत्या बाजूला आहेत आणि प्रत्येक बदलाला किती मिनिटे लागली, ते परत आल्यावर इथेच लिहीन.

मूळ रावपुरा, सध्या अंधेरी
शनिवारी अंधेरीला उतरल्यावर कळवावे. माझे घर स्थानकापासून पाच मिनिटांवर आहे, मी आणि पत्नी मरोळ नाक्यापर्यंत सोबत येऊ. बॅग मात्र रिकामी आणू नये, वीस किलोची भरून आणावी, म्हणजे तालीम खरी होईल. त्यात भाकरवडीचे चार डबे असतील तर ते अंधेरीतच उतरवून घेऊ.