टार्गेट, उद्दिष्ट, आकडा

प्रश्न : सोलापुरात एका खासगी बँकेच्या शाखेत काम करतो. आमच्या ग्रुपवर शक्यतो मराठीत लिहायचं ठरवलं आणि 'टार्गेट'च्या जागी 'उद्दिष्ट' लिहायला लागलो. पण "या महिन्याचं उद्दिष्ट : विम्याच्या चाळीस पॉलिसी" असं लिहिताना हात अडतो. पेन्शनचे पैसे ठेवीत टाकायला आलेल्या आजोबांच्या गळ्यात पॉलिसी मारणं हे माझं उद्दिष्ट कसं? रोज सकाळी कॉलवर "नंबर काय?" एवढंच विचारतात. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर : तुमचा हात अडतो ते योग्यच आहे. 'उद्दिष्ट' आणि 'उद्देश' दोन्ही 'दिश्' धातूपासून आलेले, म्हणून 'उद्दिष्ट' म्हटलं की मराठी कानाला हेतू ऐकू येतो. पतसंस्थेच्या पोटनियमांत 'संस्थेची उद्दिष्टे' असतात ती याच अर्थानं. 'पीककर्ज वाटपाचं उद्दिष्ट' ही सरकारी रचना आता रुळली आहे, ती चूक म्हणता येणार नाही. तरी तिथेही शेतकऱ्याला वेळेवर कर्ज मिळणं हा हेतू आकड्याला चिकटून आहे. तुमच्या चाळीस पॉलिसींना तसा हेतू नाही. मी तिथे सरळ 'आकडा' म्हणेन : "या महिन्याचा आकडा चाळीस."

हा भेद नुसता शब्दांचा नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना दाखवलं, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्यात पूर्वी दिसणारी नियमितता कोलमडते. मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी 1997 मध्ये ते सोपं करून मांडलं : माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण 2016 मध्ये उघड झालं, ते याचं ढळढळीत उदाहरण. विक्रीच्या आकड्यांच्या दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली होती. बँकेला 18.5 कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. आकडा वरून आला, शिक्षा मात्र मुख्यतः खालच्यांना झाली, याचा मला राग येतो.

दुसरं उत्तर : अशा आकड्यांना आमच्याकडे काही जण 'मापात पाप' म्हणतात. तो प्रयोग इथे बसत नाही असं मला वाटतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिथे मोजणी आणि काम एकच : विडी वळली, की मोजली. तपासताना चांगल्या विड्याही खराब म्हणून बाजूला काढल्या आणि मजुरी कापली, तर ते खरं मापात पाप, कारण मोजणारा लबाडी करतो. बँकेत मोजणी प्रामाणिक असते. चाळीस म्हणजे चाळीसच. पण आजोबांना पॉलिसीची गरज होती का, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. त्याला 'चुकीचा निकष' म्हणावं. 'निकष' म्हणजे सोनं पारखायचा कसोटीचा दगड, आणि त्यावर घासायचं ते सोनंच असायला हवं.

प्रश्नकर्ता : 'आकडा' आणि 'निकष' दोन्ही पटले. पण एक राहिलं. "मला टार्गेट केलं" याला काय म्हणायचं? आकडा न झालेल्याचं नाव सगळ्यांसमोर लाल रंगात दाखवतात, मग पुढचे आठ दिवस प्रत्येक गोष्टीत त्यालाच धरतात.

उत्तर : त्याला 'लक्ष्य करणे' आहे, वर्तमानपत्रांत चालतं. बोलताना "माझ्यावर डूख धरला" म्हणता येईल, पण डूख धरायला वैयक्तिक राग लागतो. तुमच्या साहेबांचा तुमच्यावर राग असेलच असं नाही, त्यांच्याही डोक्यावर वरचा आकडा असतो. तेव्हा "मला धारेवर धरलं" हेच जवळचं. ग्रुपवर मात्र 'आकडा' लिहायला आजच सुरुवात करा, आणि 'उद्दिष्ट' आजोबांची ठेव सुरक्षित ठेवण्यासाठी राखून ठेवा.