सल्ला हवा : 25 टनांची कांदा चाळ बांधायची आहे, रुंदी, तळ आणि छप्पर कसे ठेवावे?

येवल्याचा मळा :
नमस्कार मंडळी. येवला तालुक्यात आमचा यंदा अडीच एकर उन्हाळ कांदा आहे आणि साधारण 25 टन माल निघेल असा अंदाज आहे. आजवर आम्ही मळ्यातल्या जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवरच पोळ घालून, म्हणजे ढीग रचून, कांदा ठेवत आलो. गेल्या वर्षी श्रावणात ती पोळ उघडली, तेव्हा वरचा कांदा ठीक दिसत होता, पण तळाचा हातभर थर काळा पडून त्याला पाणी सुटले होते. तो माल बांधावर ओतताना वडील एक शब्दही बोलले नाहीत, म्हणून या वर्षी चाळ बांधायचीच असे ठरवले आहे.

माझ्या डोक्यातली आखणी अशी आहे : 40 फूट लांब आणि 20 फूट रुंद शेड, खाली सिमेंटचा कोबा, तीन बाजूंनी पत्रा, एका भिंतीलगत 10 फूट रुंदीचा कांद्याचा ढीग आणि उरलेल्या जागेत ट्रॅक्टर व खताच्या गोण्या. खर्च एकदाच होणार आहे, त्यामुळे यात काही चुकत असेल तर आताच स्पष्ट सांगावे.

निफाड 62 :
दादा, तुम्ही विचारलेत म्हणून स्पष्टच लिहितो : या आखणीत तुम्ही जुनी पोळच नव्या छपराखाली घालणार आहात. कांदा चाळीतही श्वास घेत असतो, त्यातून उष्णता आणि बाष्प बाहेर पडते, आणि ते निघून जायला वाट मिळाली नाही तर ढिगाच्या पोटात साचून आधी सड धरते आणि मग कोंब येतात. माझ्या पहिल्या चाळीत मी 7 फूट रुंदीचा कप्पा केला होता. आषाढात एकदा पट्ट्यांमधून कोपरापर्यंत हात आत घातला, तर बाहेर गार वारा असताना आतला कांदा कोमट आणि ओलसर लागला. पुढच्या महिन्यात चाळ फोडली, तेव्हा कडेचा दोन-दोन फुटांचा माल टणक होता आणि नासका माल सगळा मधल्या पट्ट्यात होता. रुंदीचे महत्त्व मला त्या दिवशी कळले.

म्हणून कप्प्याची रुंदी 4 फूट आणि कांद्याच्या थराची उंची 5 फूट, यापुढे जाऊ नका. 40 फूट लांबीच्या अशा एका ओळीत 800 घनफूट जागा होते आणि एका घनफुटात पंधरा-सोळा किलो कांदा मावतो, म्हणजे दोन ओळींत तुमचा 25 टन माल बसतो. दोन ओळींमध्ये 5 फुटांची मोकळी वाट ठेवा. दोन कप्पे आणि वाट मिळून 13 फूट होतात, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट वळचण पुढे काढली की छप्पर 19 फुटांचे होते. तुमच्या 20 फुटांत हे सहज बसते. फक्त ट्रॅक्टर बसत नाही, आणि तो तिथे नसावाच. बांबू, वाळलेली पात आणि डिझेल एका छपराखाली ठेवणे धोक्याचे आहे. खताच्या गोण्याही दुसरीकडे ठेवा, कारण युरिया हवेतली ओल ओढून घेतो आणि त्याच्या शेजारचा कोपरा पावसाळाभर दमट राहतो.

कोबा करायला हरकत नाही, पण कांदा त्यावर टेकता कामा नये. कप्प्याचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच घ्या आणि तो बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांचा करून फटी एक ते सव्वा इंचाच्या ठेवा. खालून शिरलेली हवा थरातून वर जाते, आणि चाळीचे खरे काम तिथेच होते. तळ उंच असला की खाली वाकून पाहताही येते. कोब्यावर काळा थेंब दिसला, तर कप्प्याचा नेमका कोणता गाळा (भाग) उघडायचा हे त्याच दिवशी समजते.

लोखंडी सांगाडा :
वरील मापे योग्य आहेत. मी सांगाडा, पाया आणि छप्पर यांबद्दलच लिहितो. येवल्याकडे तुमची जमीन काळी असेल, तर पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरवरच्या खड्ड्यात उभे केलेले खांब दोन-तीन वर्षांत कलतात. मुरूम लागेपर्यंत खोल जा, खांबाच्या तळाला लोखंडी पाटी जोडा आणि काँक्रीट जमिनीच्या वर चार-सहा इंच येऊ द्या, म्हणजे खांब मातीशी गंजणार नाही. चाळीची जागाही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असावी आणि पागोळ्यांचे पाणी चरातून लांब निघून जावे.

कप्प्याच्या भिंती पत्र्याने कधीही बंद करू नका. लोखंडी चौकटीत बांबूच्या उभ्या पट्ट्या बसवा. या पट्ट्यांवर पाच फुटांच्या थराचा मोठा दाब येतो, म्हणून आडवे अँगल खालच्या अर्ध्या भागात जवळजवळ लावा. आमच्या एका नातेवाइकाच्या चाळीत ठेकेदाराने खालचा एक अँगल वाचवला, तर पहिल्याच वर्षी भिंत फुगून गाळ्यातला कांदा वाटेत आला.

छपराला सिमेंटचा पत्रा घ्यावा किंवा मंगलोरी कौले घालावीत. लोखंडी पत्रा मे महिन्यात फार तापतो, आणि सर्वांत वरचा थर नेमका त्याच्याच खाली असतो. बजेटमुळे लोखंडीच घ्यावा लागला, तर त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर बांधा.

येवल्याचा मळा :
आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एक अडचण राहते. माझी जागा दक्षिण-उत्तर लांब आहे आणि पश्चिमेला पूर्ण मोकळे रान आहे. चाळ कोणत्या दिशेने लांब ठेवावी?

निफाड 62 :
एक पाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी (दोन ओळींची) चाळ पूर्व-पश्चिम, अशीच शिफारस आहे. एकच ओळ असेल, तर पश्चिमेचा वारा तिच्या रुंद अंगावर येतो आणि चार फुटांतून आरपार जातो. दोन ओळी तशाच उभ्या केल्या, तर पुढची ओळ मागचीचा वारा अडवते. पूर्व-पश्चिम ठेवल्या, तर वारा मधल्या वाटेत शिरून दोन्ही कप्प्यांना लागतो. तुमची जागा पाहता दुपाखी चाळ आडवी बसत नसेल, तर दोन स्वतंत्र एक पाखी चाळी एकाच रेषेत एकापुढे एक, मध्ये अंतर सोडून बांधा. पत्रा थोडा जास्त लागेल, पण हवेच्या दृष्टीने मला तीच रचना अधिक पसंत आहे. लांबी मात्र कोणत्याही चाळीची 50 फुटांपुढे नेऊ नका.

पश्चिमेला मोकळे रान आहे, म्हणजे पावसाचा तिरपा मारा येणार. त्या बाजूला गुंडाळता येईल असा बारदानाचा किंवा शेडनेटचा पडदा लावा. पाऊस उघडला की तो त्याच दिवशी वर करावा, कारण आळस करून आठवडाभर खाली ठेवलेला पडदाही कांदा नासवतो.

सिन्नरची ताई :
सर्वांनी बांधणीबद्दल चांगले लिहिले आहे, पण आमच्या घरी चाळ भरण्याचे काम माझ्याकडे आणि सासूबाईंकडे असते, म्हणून त्याबद्दल लिहिते. काढणीआधी दोन ते तीन आठवडे पाणी तोडा आणि निम्म्या माना पडल्या की काढणी करा. कांदा पातीसकट शेतात तीन-चार दिवस असा पसरा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. नंतर इंच-दीड इंच मान ठेवून पात कापा. मान फार जवळ कापली, तर तिथूनच सड शिरते. त्यानंतर दहा-बारा दिवस सावलीत सुकवा. मान दोन बोटांत दाबून फिरवली आणि ओल लागली नाही, की मगच तो कांदा चाळीचा. जोड कांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आणि काढताना खुरपे लागलेले कांदे आधीच विकून टाकावेत. भरताना टोपली वरून ओतू नये, कारण आपटलेला कांदा महिनाभर चांगला दिसतो आणि नंतर शेजारच्या चार कांद्यांना घेऊन बसतो.

कागदपत्रे :
चाळीसाठी सरकारी अनुदान घ्यायचे असेल, तर बांधकामाला हात लावू नका. आधी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग निवड, त्यानंतर पूर्वसंमती आणि मगच काम, असा क्रम आहे. सातबाऱ्यावर कांद्याच्या पिकाची नोंद असल्याची खात्री करा, आणि मान्य आरेखन तालुका कृषी कार्यालयातून घेऊन त्याच मापाने बांधा.

येवल्याचा मळा :
आज वडिलांसोबत दोरी घेऊन जागा मोजली. दोन एक पाखी चाळी, प्रत्येकी 40 फूट, दक्षिणोत्तर एकापुढे एक, मध्ये 15 फूट अंतर सोडून बसतात. ट्रॅक्टर आणि खत जुन्या शेडमध्येच राहील. बांधकाम थांबवून उद्या अर्ज भरतो आहे, आणि तोवर मुरूम किती खोल लागतो हे पाहण्यासाठी दोन खड्डे घेऊन ठेवतो.

लोखंडी सांगाडा :
खड्डे चार टोकांना घ्या. काळ्या रानात शंभर फुटांत मुरमाची खोली बरीच बदलते, आणि खांबांची लांबी त्यावरूनच ठरवावी लागेल.